ई-सायकलवर स्मार्टवॉच दाखवते त्या कॅलरी खऱ्या मानायच्या का?

देवळीचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी देवळी तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, शाळा घरापासून बारा किलोमीटर. आधी मोटरसायकलनं जायचो, मागच्या दिवाळीनंतर ई-सायकल घेतली, पॅडल मारलं की मोटर साथ देते ती, २५० वॅटची, मोटर मागच्या चाकात. घ्यायचं कारण असं की एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ती ६.२ आली. डॉक्टर म्हणाले, अजून याला शुगर म्हणत नाही मी, पण आत्ता लक्ष दिलं नाही तर होणार, रोज अंगाला मेहनत पाहिजे. आता शाळा, वावर, आईचं दुखणं, यातून वेगळा वेळ काढून फिरायला जाणं होत नाही, एक दिवस होते अन् चार दिवस राहून जाते. म्हणून जाण्यायेण्यातच व्यायाम बसवला.

पोरानं घड्याळ घेऊन दिलं, स्वस्तातलंच आहे. त्यात आउटडोअर सायकलिंग लावतो. एका बाजूचे बारा किलोमीटर झाले की साडेतीनशे-पावणेचारशे कॅलरी दाखवते. पण मला खटकून राहिलं ते हे, की मोटरची साथ तीन नंबरवर ठेवून नुसते पाय फिरवत गेलो, घाम नाही की दम नाही, त्या दिवशी कॅलरी जास्त येतात. आणि एक नंबरवर ठेवून शर्ट ओला होईपर्यंत मारली त्या दिवशी कमी. हे उलटं कसं काय?

दुसरं, शाळेच्या अलीकडे दीड-दोन किलोमीटर पांदण आहे, गिट्टी उखडलेली. तिथं गेलं की ठोके एकदम १७० दाखवते आणि मी तर आरामात असतो. डांबरी रस्त्यावर आलो की परत ११०. छातीचं काही आहे का घड्याळाचं?

कोणी वापरत असेल तर सांगा, नेमकं काय पाहायचं अन् काय सोडून द्यायचं. माझं वय ४८, वजन ७८.

अंबानगरीचा_सायकलवाला

मास्तर, तुम्ही जे पाहिलं ते बरोबर पाहिलं, उलटं दिसते कारण घड्याळाला मोटर आहे हेच माहीत नाही. साधा सायकलिंग मोड लावला की बरीच स्वस्त घड्याळं वेग, वजन अन् वेळ यावरून हिशेब करतात. २४ च्या स्पीडनं गेलात म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही जोरात पॅडल मारलं. मोटरनं ढकललं हे त्याला कोण सांगणार. म्हणून तीन नंबरवर कॅलरी जास्त.

चांगल्या घड्याळांमध्ये हे थोडं सुधारलंय. गार्मिनमध्ये ई-बाईकचा वेगळा प्रोफाइल असतो. अॅपलनं २०२१ मध्ये घड्याळाचं नवं सॉफ्टवेअर, वॉचओएस ८, आणलं त्यात सायकलिंगचा हिशेब बदलला, ई-बाईकवर जीपीएसचा वेग आणि ठोके दोन्ही जुळवून पाहते आणि मोटरचा वाटा वजा करायचा प्रयत्न करते. स्ट्रावा या फेऱ्या नोंदवायच्या अॅपवर टाकत असाल तर तिथं राईडचा प्रकार बदलून ई-बाईक राईड करा, नाहीतर साध्या सायकलवाल्यांच्या यादीत तुमचं नाव वर जाते आणि पोरं चिडतात, त्यांचं चिडणं रास्तच आहे.

तुमच्या घड्याळात ई-बाईक नसेल तर काय करायचं? मी लोकांना सांगतो की कॅलरीचा कॉलम पाहायचाच नाही. ठोके पाहा. ठोके मोटरचे नसतात, तुमचेच असतात. पाय मोकळे फिरले तर ठोके वाढत नाहीत, जोर लावला तर वाढतात, इतका साधा विषय आहे.

आणि पांदणीवरचे १७० हे छातीचं नाही, हिसक्यांचं आहे बहुतेक. घड्याळाच्या पोटाखाली हिरवा लाईट असतो ना, तो कातडीत शिरतो, रक्त हिरवा उजेड शोषून घेते, प्रत्येक ठोक्याला रक्त कमी-जास्त होते तसा परत येणारा उजेड कमी-जास्त होतो, त्यावरून ते मोजते. आता गिट्टीवर हँडल थरथरते, घड्याळ मनगटावर उड्या मारते, आतला उजेड सांडतो, मग ते हिसक्यालाच ठोका समजते. त्यात आपण खड्ड्यात हँडल गच्च धरतो अन् मनगट वाकवतो, तेव्हा रक्तही नीट दिसत नाही त्याला. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला घ्या अन् सायकलवर बसण्याआधी एक घर घट्ट करा, उतरल्यावर सैल करा. बराच फरक पडतो.

खात्री करायची असेल तर पांदणीवर थांबा, लगेच मानेजवळची नाडी धरा, ३० सेकंद मोजून दुप्पट करा. नाडी ११५ अन् घड्याळ १७० म्हणजे घड्याळ चुकलं. पण खरंच नाडी १७० लागली, किंवा चक्कर, छातीत दडपण असं काही वाटलं तर घड्याळाची चर्चा सोडा अन् दवाखाना गाठा.

कास्तकार_राळेगाव

मास्तर तुमचं सगळं बरोबर हाय पण मले एक सांगा, मोटर लावून पाय हालवले तं त्याले व्यायाम म्हणाचं का? आमचा बाप साध्या सायकलनं राळेगावाहून वर्धेले जाये बाजाराले, मांगं पोतं बांधून. साधी सायकल घ्या ना, पाच-सहा हजारात येते, घड्याळ बी नाही लागत अन् चार्जिंग बी नाही.

वायरमन_वणी

मास्तर, कॅलरीचा ताळा करायचा एक सोपा रस्ता माझ्याकडे आहे, बॅटरीवरून. मी वायरमनकी करतो, आकडे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तुमची बॅटरी ३६ व्होल्टची असेल, किती अँपिअर-अवर ते डब्यावर लिहिलेलं असते, समजा ७.८. दोन्हीचा गुणाकार २८० वॅट-अवर. आता शाळेत जाऊन-येऊन किती उतरते? एक तृतीयांश धरू, म्हणजे साधारण ९३. कंट्रोलर अन् मोटर गरम होण्यात पाव भाग जातो, चाकाला मिळाले ७०. एक वॅट-अवर म्हणजे ३.६ किलोज्यूल, तर मोटरनं केलेलं काम झालं २५० किलोज्यूल.

आता माणसाचं इंजिन. आपलं शरीर खाल्लेल्यातलं फक्त २०-२५ टक्के पॅडलवर पोचवते, बाकी घामात अन् गरमीत जाते. एका किलोकॅलरीत, म्हणजे घड्याळ दाखवते त्या एका कॅलरीत, ४.१८ किलोज्यूल असतात, त्यातलं चौथाई पॅडलवर आलं म्हणजे जवळपास एक किलोज्यूल. म्हणजे हिशेब बसतो: पॅडलवर जितके किलोज्यूल, अंगात जळाल्या तितक्या कॅलरी. याचा अर्थ तुमच्या एका फेऱ्यात अडीचशे कॅलरीचं काम मोटरनं उचललं, पायांनी नाही.

तुमचं घड्याळ जाऊन-येऊन सातशेच्या वर दाखवते ना? त्यातून अडीचशे काढा. राहिल्या साडेचारशे ते पाचशे. मला वाटते खरा आकडा तिथंच कुठंतरी आहे.

देवळीचा_मास्तर

वायरमन भाऊ, हे तर गणिताच्या तासाला घ्यायसारखं आहे. डब्यावर ७.८ च लिहिलंय. आणि जाऊन-येऊन खरंच तिसरा हिस्सा उतरते, वारं समोरून असलं तर जास्त.

अंबानगरीचा_सायकलवाला

दुसऱ्या बाजूनं पण ताळा जुळतो बघा. मेहनतीला मेट नावाचं माप लावतात, स्वस्थ बसणं म्हणजे १ मेट, ३ ते ६ म्हणजे मध्यम मेहनत. तुमचं ५ धरू. वजन ७८ गुणिले ५ गुणिले तास. ताशी २० नं बारा किलोमीटरला ३६ मिनिटं, म्हणजे ०.६ तास. उत्तर २३४. दोन्ही बाजूचे ४६८. वायरमन भाऊंच्या आकड्याजवळच आलं.

फक्त एक लक्षात ठेवा, यात बसल्याबसल्या जळतात त्या पण आल्या, ७८ किलोच्या माणसाच्या तासाला ७८ च्या आसपास. म्हणून "चारशे जाळल्या तर चारशेचं खाऊन घेऊ" हा हिशेब करू नका.

सिस्टर_ब्रह्मपुरी

मी पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, स्टाफ नर्स आहे, बीपी-शुगरचे पेशंट रोजचेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

राळेगावच्या काकांना आधी. काका, तुमच्या वडिलांसारखं कोणी रोज साधी सायकल मारत असेल तर त्याहून चांगलं काहीच नाही, त्याला मोटरची गरज नाही. पण आमच्याकडे येतात ते पेशंट ४५-५० चे, गुडघा कुरकुरतो, वीस वर्षं सायकलला हात लावला नाही, त्यांना बारा किलोमीटर साधी सायकल सांगितली तर आठवड्यात ती ओसरीत उभी राहते. ई-सायकल असली की जातात. २०१९ मध्ये युरोपातल्या सात शहरांचा एक अभ्यास आला होता, त्यात ई-सायकलवाल्यांची आठवड्याची एकूण मेहनत साध्या सायकलवाल्यांच्या जवळपासच निघाली, कारण एका किलोमीटरला मेहनत कमी असली तरी ते लांब लांब जात होते. मोटरसायकल सोडून ई-सायकलवर आलेला माणूस फायद्यातच आहे, तुलना तिच्याशी करा.

मास्तर, तुमच्यासाठी आकडा असा. २२० वजा वय ४८ म्हणजे १७२, हे तुमच्या जास्तीत जास्त ठोक्यांचं अंदाजपत्रक. त्याच्या ६४ ते ७६ टक्के म्हणजे ११० ते १३१, ही मध्यम मेहनत. त्याच्या वर १६० पर्यंत जोराची. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशननं २०२० मध्ये सांगितलंय, मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम मेहनत करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची. आणि आधी सलग दहा मिनिटं तरी पाहिजे अशी अट होती ती काढून टाकली, तुकड्यातुकड्यानं झाली तरी चालते. तुमचं जाणंयेणं शाळा चालू असताना यात आरामात बसते, पण ठोके ११० च्या वर राहिले तरच. तीन नंबरवर ९५ ठोक्यांनी गेलात तर ती मिनिटं धरू नका.

घड्याळ नसलं तरी कळते. बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता आलं नाही पाहिजे, ती मध्यम मेहनत.

अजून एक, आणि हे मी कळकळीनं सांगते. त्या स्वस्त घड्याळांमध्ये शुगरचा आकडा पण येतो आजकाल. सुई नाही, पट्टी नाही, मनगटावर शुगर. त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनानं, जाहीर इशारा दिला की कातडीला टोचल्याशिवाय स्वतः शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. दंडावर किंवा पोटावर सेन्सर चिकटवतात, त्याची बारीक तार कातडीत असते आणि घड्याळ फक्त आकडा दाखवते, ती गोष्ट वेगळी, ती खरी आहे. आमच्याकडे एक आजोबा आले होते, घड्याळात शुगर ११० म्हणून गोळी बंद केलेली. ग्लुकोमीटरवर ३०० च्या वर निघाली. पायाला जखम घेऊन आले होते.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असणाऱ्यांनी सायकलवर निघताना खिशात साखरेची पुडी किंवा गोळ्या ठेवा. शुगर एकदम उतरून हातपाय थरथरले, एकदम घाम फुटला, डोळ्यासमोर अंधारी आली तर थांबा अन् खा. घड्याळ हे सांगणार नाही, ठोके वाढलेले दाखवेल अन् तुम्हाला वाटेल व्यायाम चांगला होऊन राहिला.

गाडीवाला_मेहकर

माझ्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे, पॅडल नाही. तरी मेहकरहून लोणारला जाऊन आलो की घड्याळात दोन-तीन हजार पावलं वाढलेली असतात. रस्ताच तसा आहे. घड्याळातला सेन्सर हाताचा झोका मोजते, त्याला खड्डा अन् पाऊल सारखंच. आणि सायकलवाल्यांचं नेमकं उलटं होते, हात हँडलवर स्थिर, इतकी मेहनत करून पावलं शून्य. म्हणून दहा हजार पावलांच्या मागं लागणाऱ्यांनी सायकलच्या दिवशी तो आकडा सोडून द्यावा.

आशा_साकोली

मी आशा म्हणून काम करते, दोन गावं अन् एक टोला, ई-सायकल घेतली आहे कारण चालून पाय दुखायचे. माझा प्रश्न वेगळा आहे. घड्याळ घातलं की ठोके कधी दाखवते कधी नुसत्या रेषा दाखवते. डाव्या हातात हिरव्या बांगड्या असतात, त्या काढणार नाही. उजव्या हातावर मनगटाजवळ गोंदण आहे, आजीनं लहानपणी गोंदवून घेतलं होतं. कोणत्या हातात घालू?

अंबानगरीचा_सायकलवाला

ताई, गोंदणावर घालू नका. गोंदणाची शाई काळी-निळी असते, ती घड्याळाचा उजेड आतच गिळते, परत काही येत नाही, म्हणून रेषा. टॅटूमुळे असं होते हे घड्याळ बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. डाव्या हातात घाला, पण बांगड्यांच्या वर, कोपराकडे सरकवून. तिथं मांस जास्त, हाड कमी, उलट तिथं अजून नीट मोजते. फक्त बांगडी येऊन घड्याळावर आपटू नये एवढं पाहा, नाहीतर हिसक्यांचाच प्रकार होईल. आणि पट्टा लहान पडला तर लांब पट्टा वेगळा मिळतो.

तरी नाही जमलं तर दंडावर बांधायचा ठोक्यांचा पट्टा येतो, उजेडाचाच पण दंडावर हिसके कमी लागतात. तो फोनला ब्लूटूथनं जोडला की झालं.

आशा_साकोली

बांगड्यांच्या वर घालून पाहिलं, रेषा गेल्या. काल लसीकरणाच्या दिवशी दिवसभर ठोके दाखवले. धन्यवाद दादा.

ऊन_चंद्रपूरचं

सगळे हिवाळ्याचं बोलून राहिले, उन्हाळ्याचं कोणी बोला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, त्याच नंबरवर जानेवारीत ११५ ठोके राहतात अन् मेमध्ये १३५. घड्याळ म्हणते मेहनत जास्त झाली. मेहनत नाही झाली जास्त, ऊन जास्त आहे. शरीर थंड करायला रक्त कातडीकडे पळते, घामानं पाणी कमी होते, मग हृदयाला तेवढंच काम करायला जास्त ठोके मारावे लागतात. म्हणून उन्हाळ्यातले वाढलेले ठोके पाहून खूश होऊ नका, तो शरीराचा ओरडा आहे. मी नवतपात, मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, सायकल काढतच नाही, बाकी उन्हाळ्यात दिवस उगवला की निघतो अन् आठच्या आत घरी. पाण्याची बाटली अन् डोक्याला दुपट्टा, हे घड्याळाच्या आधी.

फटफटायच्या आधी निघू नका, विशेष करून ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या वाघांच्या पट्ट्यातले. ई-सायकलचा आवाज होत नाही, जनावराला तुमची चाहूल लागत नाही अन् तुम्हाला त्याची. रानडुक्कर सुद्धा आडवं आलं तरी माणूस जातो. घड्याळात पडल्यावर आपोआप फोन लागायची सोय असली तरी रेंज नसेल तिथं ती काय कामाची.

सिस्टर_ब्रह्मपुरी

चंद्रपूरच्या दादांचं शंभर टक्के बरोबर. त्याला जोडून एक, आपल्या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं प्रमाण जास्त आहे. घरात कोणाला सिकलसेल असेल तर उन्हात, पाणी न पिता दमेपर्यंत सायकल मारू नका, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात अन् दुखणं उठते. त्यांनी किती मेहनत करायची हे डॉक्टरला विचारूनच. आणि घड्याळातला ऑक्सिजनचा आकडा सिकलसेलमध्ये भरवशाचा नसतो, तो ९७ दिसला म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढू नका. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, राष्ट्रीय मोहीमच आहे २०२३ पासून. लग्नाआधी तर कराच.

पुण्यात_वर्धेकर

मी पुण्यात असते, बाबा आर्वीजवळ गावी एकटे असतात, ६७ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, आता ठणठणीत आहेत, वावरात जायला त्यांना ई-सायकल घेऊन दिली अन् सोबत घड्याळ पण. घड्याळाचं अॅप माझ्या फोनवर आहे. मी रोज पाहते, ठोके कधी ९५ च्या वर जातच नाहीत. ६७ वय म्हणजे १५३ जास्तीत जास्त, त्याच्या ६४ टक्के म्हणजे ९८ च्या वर गेले पाहिजेत ना? बाबा म्हणतात मला चांगला दम लागतो चढावर. मला रात्री झोप लागत नाही की मोटरवरच जाऊन राहिले की हृदय नीट चालत नाही की काय.

सिस्टर_ब्रह्मपुरी

ताई, बाबांना मेटोप्रोलॉल किंवा एटेनोलॉल, नावाच्या शेवटी "लॉल" असलेली गोळी चालू आहे का? अँजिओप्लास्टीनंतर बऱ्याच जणांना असते.

पुण्यात_वर्धेकर

हो, मेटोप्रोलॉल आहे. सकाळी एक.

सिस्टर_ब्रह्मपुरी

मग घाबरू नका. त्या गोळीचं कामच ठोके कमी ठेवणं आहे, मेहनत केली तरी ते फार वर चढू देत नाही. म्हणून २२० वजा वय हे सूत्र बाबांना लागूच होत नाही. त्यांच्यासाठी बोलण्याची परीक्षा: चढावर फोन लावा, दोन-चार वाक्यं सलग बोलता आली, मध्ये थोडा श्वास घ्यावा लागला, म्हणजे बरोबर मेहनत. वाक्यच पूर्ण होत नसेल तर मोटर एक नंबर वाढवायची. पुढच्या वेळी हृदयाच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा विचारून घ्या की सायकलवर किती ठोक्यांपर्यंत चालेल, ते स्ट्रेस टेस्ट पाहून नेमका आकडा देतात. सेवाग्रामचा दवाखाना त्यांना जवळ पडेल. आणि ठोके वाढवायचे म्हणून गोळी चुकवू नये, हे त्यांना तुमच्या तोंडून सांगा.

तुम्ही अॅपवर पाहायचंच असेल तर सकाळचे झोपेतून उठतानाचे ठोके पाहा, आठवड्याच्या सरासरीनं. ते एकदम दहा-पंधरानं वाढले आणि दोन-तीन दिवस तसेच राहिले तर फोन करून तब्येत विचारा.

पुण्यात_वर्धेकर

सिस्टर, कसे आभार मानू कळत नाही. बाबांना आत्ताच फोन केला. ते सायकलवरच होते, पांदणीत उभं राहून दहा मिनिटं बोलले, कपाशी कशी आहे ते सगळं सांगितलं.

घाटवाट_परतवाडा

चढाचा विषय निघाला म्हणून. चिखलदऱ्याला ई-सायकलनं जायचं म्हणणारे बरेच विचारतात. चिखलदरा १,११८ मीटरवर, परतवाड्यापासून अंदाजे सातशे मीटर वर. वायरमन भाऊंच्या पद्धतीनं, माणूस अन् सायकल मिळून १०० किलो धरले तर नुसतं वर उचलायलाच १९० वॅट-अवर, अन् २८० च्या बॅटरीतून चाकाला मिळतात २१०. म्हणजे वारा, रस्ता यांच्यासाठी जेमतेम वीसच उरतात. वरून चाकातली मोटर हळू वेगात चढावर तापते. तेव्हा पाय द्यावेच लागतात, अन् घाटात घड्याळाचे ठोके एकदम खरे दिसतात, रस्ता गुळगुळीत अन् मेहनत खरी. ज्याला आपला जोर किती आहे ते पाहायचं त्यानं घाट करावा, मोटर एक नंबरवर.

एक मुद्दा राहिला वर. सायकल घेताना सेन्सर कोणता ते विचारा. स्वस्त सायकलीत पॅडलच्या धुरीवर मॅग्नेटची चकती असते, पॅडल फिरते एवढंच तिला कळते, जोर किती ते नाही, म्हणून नुसते पाय फिरवले तरी मोटर पूर्ण धावते. टॉर्क सेन्सरवाली महाग, पण जितका जोर लावाल तितकी साथ देते, तिच्यावर फुकट फिरवणं होतच नाही, ठोके आपोआप वर राहतात. व्यायामासाठीच घेणार असाल तर तीच घ्या.

कास्तकार_राळेगाव

मले वाटे हे शहरातल्या लोकायचं खूळ हाय. पण सिस्टरनं सांगतलं ते पटलं. माह्या मोठ्या भावाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं सायकल चालवा म्हणून सांगतलं अन् त्याले साध्या सायकलीवर जोर लावता येत नाही. त्याच्यासाठी पाहतो आता. लायसन लागते का हिले?

वायरमन_वणी

नाही लागत काका. मोटर २५० वॅटपर्यंत, वेग २५ च्या आत अन् बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असलं तर ना लायसन ना पासिंग. दुकानदार मोटर मोठी लावून देतो म्हणाला तर नाही म्हणा. आणि भावाला टॉर्क सेन्सरवाली घ्यायच्या आधी चालवून पाहू द्या, सुरुवातीला थोडा जोर द्यावा लागतो तिला, नव्या गुडघ्याला ते झेपते का ते पाहा.

देवळीचा_मास्तर

सगळ्यांचं वाचून बदल केले ते सांगतो. घड्याळात कॅलरीचं पान पुढून काढून टाकलं, आता सायकलवर असताना फक्त ठोके अन् वेळ दिसते. पट्टा वर घेतला, डांबरीवर एकदम व्यवस्थित मोजते, पांदणीवर अजून उड्या मारते पण तिथं मी त्याच्याकडे पाहतच नाही. थांबून नाडी धरली होती, ११८ लागली, घड्याळ तेव्हा १६६ म्हणत होतं. जाताना मोटर एक नंबर, कारण सकाळी गार असते अन् अंगात जोर असतो, ठोके ११५ ते १२५ राहतात. येताना वारं समोरून अन् ऊन, तेव्हा दोन नंबर. शाळेत एक जास्तीचा शर्ट ठेवला आहे. चौथीची पोरं विचारतात सर तुमचे ठोके किती, त्यांना नाडी धरायला शिकवली, आता मधल्या सुट्टीत पटांगणावर धावून येतात अन् एकमेकांची मोजतात.

सिस्टर, एक विचारायचं होतं, एचबीए१सी पुन्हा कधी करू? पुढच्या आठवड्यात वर्ध्याला जाणार आहे.

सिस्टर_ब्रह्मपुरी

आत्ताच नको मास्तर. ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, आत्ता केली तर त्यात जुनेच दिवस जास्त येतील. मोटर एक नंबरवर घेतल्यापासून तीन महिने पूर्ण होऊ द्या, मग करा, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये. तोवर जेवणात भात-पोळी थोडी कमी, वरण-भाजी-उसळ जास्त, आणि शाळेतला दुपारचा चहा बिनसाखरेचा. पोरांना नाडी शिकवली हे फार छान केलं, त्यांना सांगा की घरी आजी-आजोबांची पण मोजून वहीत लिहून आणा, ठोके चुकत-माकत लागत असतील तर ते पण लिहा अन् अशा आजी-आजोबांना आमच्यासारख्यांकडे पाठवा.